बोटीवरचे सेक्रेटरी

सुभाष गोरक्षकरांना माहीत नाही असं जगात काहीच नाही, अशी एका माणसाची ठाम समजूत होती. तो माणूस म्हणजे स्वतः सुभाष गोरक्षकर. बँकेतून व्हीआरएस घेऊन आणि गिरगावातली खोली विकून ते मीरा रोडला हाटकेशमध्ये राहायला आले, तेव्हा नव्या बिल्डिंगमध्ये पाण्याचा पंप बसला होता, पण सेक्रेटरी बसायचा होता. ते बसले. तेव्हापासून टँकर कधी येणार, पाहुण्यांची गाडी कुठे लागणार, गच्चीवर कुणाचे पापड वाळणार, हे सगळं त्यांनी ठरवायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी वहिवाट पडली. त्यांची बायको निशिगंधा लग्न झाल्यापासून ऐकतच होती. तिला सवय होती. सवय वेगळी आणि पटणं वेगळं, हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं एवढंच.

एका संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या हंसाबेन हांडव्याची ताटली घेऊन आल्या. चेहरा नुसता फुललेला.

"निशाबेन, सुनो तो सही! हम लोग जहाज में जा रहे हैं!"

हंसाबेनचे यजमान चंदनभाई शहा यांचं भाईंदर स्टेशनजवळ बाथरूमच्या नळांचं दुकान होतं. तेव्हा हाटकेशपासून पार मिठागरांच्या कडेपर्यंत बिल्डिंगी उगवत होत्या. प्रत्येक फ्लॅटला दोन बाथरूम, प्रत्येक बाथरूमला पाच नळ. चंदनभाईंचं दुकान त्या पाण्यावर तरंगत वर आलं होतं. नळांच्या कंपनीने सगळ्या मोठ्या डीलरांना बायकांसकट चार दिवसांची सफर बक्षीस दिली होती. मुंबई, लक्षद्वीप, गोवा, मुंबई.

सुभाषराव पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच ते म्हणाले, "जहाज नव्हे, हंसाबेन. क्रूझ. जहाज में कोयला जाता है."

हंसाबेन हसून गेल्या. सुभाषराव मात्र त्या रात्री जेवले नाहीत. हांडवा मिटक्या मारत खाल्ला, तो वेगळा.

"नळ विकणारा माणूस क्रूझला," ते म्हणाले.

"मग? आपल्या बाथरूमचे नळ त्यांनीच बसवलेत. एकही गळत नाही," निशिगंधा म्हणाली.

चारच दिवसांत सुभाषरावांनी त्याच बोटीची तिकिटं काढली आणि बिल्डिंगभर सांगितलं, की दिवाळीपासूनच त्यांच्या मनात हे होतं, चंदनभाईंच्या कानावर ते कसं गेलं कोण जाणे.

मग तयारी सुरू झाली. सुभाषराव रोज सायबर कॅफेत जायचे आणि कागदांची चळत घेऊन यायचे. पहिल्यांदा क्रूझला जाणाऱ्याने काय अपेक्षा ठेवावी, यावर अमेरिकेतल्या कुणाकुणाची लिखाणं. ती त्यांनी तीनतीनदा वाचली. डावीकडे म्हणजे पोर्ट, उजवीकडे म्हणजे स्टारबोर्ड, हे कळल्यापासून घरातलं मीठ स्टारबोर्डला आणि लोणचं पोर्टला गेलं. बोटीवर काट्या-चमच्याने खावं लागतं म्हणून घरी सराव झाला. पिठलं-भाकरीवर काटा चालवताना भाकरीचा एक तुकडा उडून टीव्हीवर बसला. तो निशिगंधाने उचलून हाताने खाल्ला.

एका रविवारी त्यांनी शहा नवरा-बायकोला बोलावून त्यांचीही शिकवणी घेतली. "कॅप्टन्स डिनर असतं. सूट पाहिजे. आणि हंसाबेन, थेपला-बिपला नहीं चलेगा. बाहर का खाना अलाउड नहीं."

"पण महाराज तो साथ में आ रहे हैं," हंसाबेन म्हणाल्या.

"कौन महाराज?"

"रसोईवाले. कंपनीने चार महाराज लिए हैं."

सुभाषरावांनी कागद उलटेपालटे केले. अमेरिकेच्या लिखाणात महाराज नव्हते. "वो देखना पडेगा," असं म्हणून त्यांनी सभा संपवली.

दुसऱ्या दिवशी ते भाईंदरच्या टेलरकडे गेले आणि कॅप्टन्स डिनरसाठी पांढरा शुभ्र बंद गळ्याचा कोट शिवायला टाकून आले. सोनेरी बटणांचा.

बोट मुंबईच्या धक्क्याला लागली होती. आपल्या सोसायटीच्या तीन बिल्डिंगी एकीवर एक ठेवून आडव्या केल्या तर होईल तेवढी. निशिगंधा मान वर करून बघतच राहिली. तिला पहिल्यांदाच मनापासून वाटलं, की नवऱ्याचा हेवा कधीकधी कामी येतो.

केबिनमध्ये शिरल्यावर तिने खिडकी शोधली. भिंतीवर समुद्राचं चित्र होतं, त्यामागे भिंत होती.

"इनसाइड केबिन आहे," सुभाषराव म्हणाले. "अनुभवी लोक हीच घेतात. हेलकावे कमी लागतात."

"तुम्हाला कसला अनुभव?"

"वाचलंय मी."

बोट निम्मीअधिक नळवाल्यांनी भरलेली होती. राजकोट, सुरत, इंदूर, नाशिक. कुणी समुद्र बघत नव्हतं. सगळे आधी आपापल्या बाथरूममध्ये घुसले आणि एकमेकांना हाका मारायला लागले, कारण बोटीचा फ्लश पाण्याने नाही, हवेने चालत होता. तेवढ्यात संकटकाळच्या कवायतीसाठी सगळ्यांना डेकवर बोलावलं. सुभाषरावांनी लाइफ जॅकेट इतरांना दाखवत दाखवत घातलं, ते उलटं. पट्टा अशा ठिकाणी अडकला, की मान वळेना. एका वेटरने येऊन तो सोडवला.

संध्याकाळी चहाला बसल्यावर तोच वेटर त्यांच्या टेबलावर होता. पांढरा कोट, जाड मिशी, छातीवर सेबॅस्टियन नावाची पट्टी. चाळिशीचा असेल. निशिगंधा हंसाबेनला सांगत होती, की आज शुक्रवार, घरी असते तर भाईंदरच्या बाजारातून बोंबील आणले असते. तो थबकला.

"भायंदरच्या काय, ताई?"

"हाटकेशला राहतो आम्ही. तुम्ही?"

"उत्तनचा. आयेस माझी बसते भायंदरला, मासळी घेऊन. घरी मना बस्त्याव बोलतात." तो हळूच हसला. "बापाची होडी हाय. पन मना ते जमला न्हाय. माझा दर्या असा. थंडगार, आणि माशाचा वास न्हाय."

निशिगंधाला तो आवडला. दर सीझनला नव्याने कामावर घेतात, साहेब खूश असला तर, हेही त्याने जाता जाता सांगितलं.

रात्री आलं कॅप्टन्स डिनर. सुभाषराव पांढरा कोट चढवून, सोनेरी बटणं पुसून हॉलमध्ये शिरले. बाकी पुरुष बर्मुड्यात होते. कॅप्टन आला, पहिल्या नंबरच्या डीलरांशी हस्तांदोलन करून फोटो काढून गेला. त्यांत चंदनभाई होते. सुभाषराव नव्हते. ते खांबाजवळ उभे राहून चेहऱ्यावर 'असं काही मला नकोच होतं' हा भाव आणण्याच्या खटपटीत होते, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या राजकोटच्या एका गृहस्थांनी त्यांची बाही ओढली.

"ओ भाई, जरा अचार लाना."

सुभाषरावांनी आजूबाजूला पाहिलं. हॉलमध्ये पांढऱ्या कोटातली पंचवीसेक माणसं होती. सगळ्यांच्या हातात ट्रे होते. सगळ्यांना सोनेरी बटणं होती.

त्यांची कानशिलं तापली. आय ॲम अ पॅसेंजर, हे वाक्य जिभेवर तयार होतं. पण राजकोटवाल्यांनी वर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, पिकलेले कल्ले पाहिले, मिशी पाहिली, पोट पाहिलं आणि घाईघाईने उभे राहिले.

"माफ करना साहब. आप तो इन सबके बडे साहब लगते हो. अच्छा हुआ मिल गए. देखिए, दाल एकदम ठंडी है."

बडे साहब! ते तयार वाक्य सुभाषरावांनी गिळलं.

"आय विल लुक इन्टू इट," ते म्हणाले, आणि बोट वर करून बस्त्यावला बोलावलं. "या टेबलाला लोणचं. आणि डाळ गरम करून आणा. लगेच."

बस्त्यावने एकदा त्यांच्याकडे, एकदा कोटाकडे पाहिलं आणि लोणचं आणलं. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, हा त्याच्या नोकरीचा नियम होता.

दुसरा दिवस सबंध समुद्रातच होता. सकाळी नाश्त्याला जाताना सुभाषरावांनी परत तोच कोट घातला.

"आज कुठे डिनर आहे?" निशिगंधाने विचारलं.

"वारा असतो डेकवर."

तो वारा त्यांना चांगलाच मानवला. दिवसभर ते डेकवर, लिफ्टपाशी, पोहायच्या तलावापाशी उभे होते आणि लोक त्यांच्याकडे येत होते. चावी हरवली, कुठे सांगू? गरबा कधी? पोरगा ओकतोय, काय देऊ? सुभाषरावांकडे प्रत्येकाला उत्तर होतं. काही बरोबर होती. फ्लशमध्ये हवा कशी काम करते हे त्यांनी चाळीस वर्षं नळ विकलेल्या माणसांना समजावून सांगितलं आणि त्या बिचाऱ्यांनी माना डोलावल्या. सोसायटीतलं पाणी संपून सगळी बिल्डिंग त्यांच्या दारात आली होती, त्या महिन्यातही निशिगंधाने त्यांना इतकं सुखात पाहिलं नव्हतं.

दुपारी तिने त्यांना गाठलं. "अहो, लोक तुम्हाला बोटीचा माणूस समजतायत."

"मी म्हटलं का, मी बोटीचा आहे? लोक विचारतायत, मी सांगतोय."

"तेच म्हणतेय मी. विचारतायत आणि तुम्ही सांगताय."

"तुला नाही कळायचं. सिस्टिमच नाही इथे. कुणीतरी सांभाळायला नको?"

ती गेली आणि तलावात पाय सोडून हंसाबेनशेजारी बसली. महाराजांची खांडवी आली होती. हंसाबेनचा गुडघा दुखत होता, महिन्याभरात ऑपरेशन ठरलं होतं. "कल वो टापू आएगा," त्या म्हणाल्या. "फोटो में देखा है, पानी हरा, एकदम काच जैसा. ऑपरेशन के पहले एक बार उस पानी में पैर रखने का है मेरे को."

तिसऱ्या दिवशी सकाळी बोट बेटापासून लांब नांगर टाकून उभी राहिली. पुढे छोट्या होड्यांनी जायचं होतं. सगळे पिशव्या, टोप्या, टॉवेल घेऊन बाहेर पडले आणि अर्थातच पांढऱ्या कोटाकडे आले.

हे सुभाषरावांना तोंडपाठ होतं. कागदात होतंच. छोट्या होड्यांसाठी थिएटरमध्ये टोकन वाटतात, अडाणी लोक उगाच दारात गर्दी करतात, जाणकार आरामात बसून नंबराची वाट पाहतात. फक्त तो कागद अमेरिकेतल्या वेगळ्याच बोटीचा होता. या बोटीवर टोकन नव्हतं. जो दारात जाईल तो होडीत बसत होता.

"थिएटर में बैठिए. जल्दबाजी नहीं. टोकन मिलेगा," सुभाषरावांनी हात करून सांगितलं. चाळीसेक माणसं थिएटरमध्ये जाऊन बसली. त्यात हंसाबेन होत्या, चंदनभाई होते आणि निशिगंधाही होती. तिच्या मनात शंका होती, पण नेहमीप्रमाणे ती मनातच ठेवून ती बसली.

मधे स्पीकरवर कुणीतरी इंग्रजीत भराभर काहीतरी बोललं. राजकोटवाले उठले. "साहब, बोट का बोला क्या?"

"वो क्रू के लिए है. आप बैठिए."

बराच वेळ झाला. टोकन येईना. शेवटी चंदनभाई बघायला म्हणून खाली गेले आणि कपाळाला हात लावून परत आले. ओहोटी लागली होती. बेटाभोवतीच्या खडकांवरून आता होडी जाणार नव्हती. शेवटची केव्हाच गेली होती, ती अर्धी रिकामी. स्पीकरवर तेच सांगत होते.

सगळे डेकवर धावले. लांब हिरव्या पाण्याच्या कडेला माणसांचे ठिपके दिसत होते. ठिपके नाचत होते. हंसाबेन कठड्याला धरून नुसत्या बघत राहिल्या. निशिगंधाने वळून पाहिलं तेव्हा सुभाषराव डेकवर नव्हते.

ते केबिनमध्ये होते. अंगात बुशशर्ट, डोक्याला बाम. कोट पलंगाखाली कोंबलेला, त्याची एक बाही बाहेर.

"डोकं दुखतंय," ते म्हणाले. "उन्हाचं."

वर काउंटरवर रणकंदन माजलं होतं. मॅनेजर परदेशी होता, त्याला एवढंच कळलं, की त्याच्या माणसाने पाहुण्यांना चुकीचं सांगितलं. कोणी सांगितलं? पांढरा कोट, मिशी, मराठी बोलतो. अशा वर्णनाचा त्या मजल्यावर एकच माणूस होता. रागाच्या भरात कुणीतरी लांबूनच बोट दाखवलं, "हां, यही होगा," आणि झालं. चंदनभाई तेव्हा हंसाबेनपाशी डेकवरच होते.

रात्रीच्या जेवणाला मॅनेजर बस्त्यावला घेऊन हॉलच्या मधोमध आला. पाहुण्यांची माफी मागायला.

"सर, मी न्हाय सांगितला," बस्त्याव आधी मराठीत आणि मग इंग्रजीत म्हणाला. मॅनेजर म्हणाला, "से सॉरी, सेबॅस्टियन."

निशिगंधाने नवऱ्याकडे पाहिलं. ते सूप पीत होते. घरी सराव केल्याप्रमाणे चमचा बाहेरच्या दिशेने फिरवत.

"अहो, उठा. सांगा त्यांना."

"आत्ता नको. वातावरण तापलंय. मी उद्या लेखी देतो."

"त्याची नोकरी जाईल."

"एवढ्यावरून कुणी काढत नाही. कंपनीच्या प्रोसिजर असतात, निशिगंधा. तुला माहीत नाही."

ती उठली. सुभाषरावांना वाटलं, रुसून गेली. त्यांनी पावाला लोणी लावलं. लोणी अजून पसरतंय तोवर ती परत आली. हातात हँगर, हँगरला चुरगळलेला पांढरा कोट. टेबलांमधून चालत ती सरळ मधोमध गेली, बस्त्यावच्या शेजारी उभी राहिली आणि सोसायटीच्या गच्चीवरून खालच्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात म्हणाली,

"अहो! हा तुमचा कोट पलंगाखाली राहिला होता. घाला, आणि या इकडे."

शेकडो माना ती बघत होती त्या दिशेला वळल्या आणि बुशशर्टातल्या सुभाषरावांवर येऊन थांबल्या.

"अरे, यही तो साहब हैं!" राजकोटवाले ओरडले. "पर ये तो पॅसेंजर की माफिक बैठे हैं!"

सुभाषराव उठले. नॅपकिनने तोंड टिपलं. कोट काही घेतला नाही. "लेट मी एक्स्प्लेन," त्यांनी सुरुवात केली. "देअर वॉज अ कम्युनिकेशन गॅप. मॅनेजमेंटने टोकनची व्यवस्था ठेवायला हवी होती. मी तर उलट..."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग टेबलामागून टेबल हसत गेलं. चंदनभाई मोठ्या मनाने म्हणाले, "जाने दो भाई, हमारे सेक्रेटरी हैं. आदत है," त्यावर तर हसण्याचा कडेलोट झाला. सुभाषराव तेही सोसते. नेत्यांना लोक हसतातच. पण हंसाबेन हसत नव्हत्या.

"सुभाषभाई," त्या हळूच म्हणाल्या, "मेरे को वो पानी में पैर रखने का था. अब ये पैर ले के कब आऊंगी मैं?"

याचं उत्तर कागदांत नव्हतं. सुभाषराव खाली बसले.

मॅनेजरने बस्त्यावच्या खांद्यावर थाप मारली. "ओके, सेबॅस्टियन. गो." सॉरी काही तो म्हणाला नाही. निशिगंधाच्या ते लक्षात आलं. थोड्या वेळाने बस्त्यावने तिच्यापुढे आइस्क्रीम आणून ठेवलं. "थँक्यू, ताई. नोकरी ऱ्हायली. पन उद्यापासून मना खाली टाकलाय, भांड्यांना. साहेब बोलतो, पाहुन्यांना तोंड नको दाखवू थोडे दिवस."

"पण चूक तुमची नव्हती ना?"

"ते हाय," बस्त्याव म्हणाला आणि रिकामी ताटं उचलून गेला. निशिगंधाने आइस्क्रीम तसंच ठेवलं.

गोव्याला सुभाषराव खाली उतरले नाहीत. डोकं दुखत होतं. निशिगंधा शहा नवरा-बायकोबरोबर गेली. हंसाबेनने तिथल्या गढूळ पाण्यात पाय बुडवले आणि दोघींनी मीठ-मसाला लावलेली कैरी खाल्ली. सबंध दिवसात कुणी कुणाला काही समजावून सांगितलं नाही. निशिगंधाला ती सफर तेवढ्यापुरती फार आवडली.

घरी आल्यावर दोन दिवस सुभाषराव शांत होते. तिसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर आला नाही, लोक खाली जमले आणि त्यांना कंठ फुटला. बोटीवर कसा अंदाधुंदी कारभार होता आणि ऐन वेळी सूत्रं हातात घ्यायला त्यांना कसं बोलावलं, हे त्यांनी पंपाच्या खोलीसमोर उभं राहून सविस्तर सांगितलं. चंदनभाई तिथेच होते. ते मान डोलावत राहिले. धंद्याचा माणूस, सेक्रेटरीशी वाकडं कशाला घ्या.

आठवड्याने दुसऱ्या मजल्यावरची स्वप्नाली लिफ्टपाशी भेटली. नवीन लग्न झालेली, बरोबर नवरा.

"काकू, आम्हीपण क्रूझला जायचं म्हणतोय. पहिल्यांदाच. काकांनी खूप सांगितलं, पण तुम्ही सांगा ना, काय अपेक्षा ठेवायची?"

निशिगंधाने भाजीची पिशवी खाली ठेवली. "हे बघ. ज्याच्याबरोबर जाशील ना, तो घरी जसा असतो तस्साच तिथे असतो. खोली मात्र लहान असते. आणि मधेच खाली उतरता येत नाही."

स्वप्नाली खळखळून हसली. तिचा नवरा नाही हसला. लिफ्टचं दार धरून तो इतका वेळ तिला मोटर कशी चालते ते समजावून सांगत होता.